मंगळवारी दुपारी घरी कोण असतं? कुत्र्याची जात निवडताना या चुका टाळा

आमच्याकडे फोन यायचे दोन हंगाम आहेत. पहिला जूनचा. मुलांच्या सुट्टीत हौसेनं आणलेलं पिल्लू शाळा सुरू झाली की घरात एकटं पडतं, सोफ्याच्या कडा कुरतडतं, दिवसभर केकाटतं, आणि खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या ग्रुपवर लिहायला लागतात. दुसरा हंगाम दिवाळीनंतरचा. तेच पिल्लू आता आठ-नऊ महिन्यांचं झालेलं असतं. अंगानं घोडा आणि अकलेनं अजून पोरच. पट्टा ओढून आजींना पाडलेलं असतं. फोनवरचं वाक्य दोन्ही वेळी तेच: "ताई, कुत्रा खूप गुणी आहे हो, पण आम्हाला जमत नाहीये."

गेली नऊ वर्षं मी पुण्यात अशा कुत्र्यांना दुसरं घर शोधून द्यायला मदत करते. नोकरी सांभाळून, जमेल तसं. या फोनांमधली माणसं क्रूर नसतात आणि कुत्रीही बिघडलेली नसतात. जोडी चुकलेली असते, आणि ती बहुतेक वेळा पिल्लू घरात येण्याआधीच चुकलेली असते. म्हणून कुणी "कोणतं ब्रीड घेऊ?" असं विचारलं की मी उलट विचारते, "मंगळवारी दुपारी चार वाजता तुमच्या घरी कोण असतं?" रविवारचं विचारत नाही. रविवारी सगळीच घरं कुत्र्यासाठी उत्तम असतात.

चूक: फोटो बघून हस्की

इथे जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त हाल मी या कुत्र्याचे पाहिलेत.

सायबेरियन हस्की ही सायबेरियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुक्ची लोकांची देणगी. बर्फावरून हलकं ओझं घेऊन, मैलोन्‌मैल, न थकता घसरगाडी ओढणं हे त्याचं काम. अंगावर केसांचे दोन थर: आत लोकरीसारखा दाट, वर लांब आणि राठ. हा प्राणी आपण वाकडच्या किंवा ठाण्याच्या नवव्या मजल्यावर आणतो आणि मे महिन्यात त्याला "एसी आहे ना" म्हणतो.

एसीनं दिवसाचे काही तास निभावतात. पण कुत्र्याला शी-शूला खाली न्यावंच लागतं, वीज जाते, इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्या ओलाव्याच्या बाष्पीभवनानं गार होतो. हवाच दमट असेल तर बाष्पीभवन मंदावतं. म्हणून पुण्याच्या कोरड्या अडतीस अंशांइतकाच, कधी त्याहून जास्त, मुंबईचा चिकट चौतीस अंशांचा दिवस त्याला जड जातो.

आणि गरमी ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे पळणं. एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमधला हस्की मला आठवतो. नवरा-बायको दोघंही आयटीत, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात घराला कुलूप. कुत्र्यानं दाराच्या खालच्या बाजूचं प्लाय पंजानं उकरून आरपार भोक पाडलं होतं. सोसायटीची तक्रार भुंकण्याची नव्हती, कारण हस्की भुंकतो कमी. तो लांब हेल काढून रडतो. शेवटी पाचगणीजवळ मोठं आवार असलेल्या एका कुटुंबानं त्याला नेलं. तिथेही त्यांना कुंपणाच्या जाळीखाली फरशा पुराव्या लागल्या, कारण हा गडी खणून बाहेर पडायचा.

हस्की आधीच घरात असेल तर काय करायचं? फिरणं पहाटे सहाच्या आत आणि रात्री आठनंतर. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. आतली लोकर रोज विंचरून काढा, पण उन्हाळ्यात केस भादरू नका: वरचे राठ केस उन्हापासून कातडी वाचवतात आणि एकदा काढले की नीट परत येतीलच असं नाही. जेवण वाडग्यात न देता जुन्या चादरीच्या घड्यांत, पुठ्ठ्याच्या खोक्यांत लपवा, म्हणजे डोकं तरी दमेल. अंग तापलं, लाळ दाट झाली, पाय लटपटायला लागले तर साधं गार पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि थेट डॉक्टर गाठा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ४१ च्या वर गेलं की मिनिटांचा हिशोब सुरू होतो.

चूक: जुना बायोडाटा न वाचणं

आपण मुलासाठी स्थळ बघताना तीन पिढ्यांची चौकशी करतो. कुत्रा आणताना त्याचे पूर्वज कोणत्या नोकरीत होते एवढंही विचारत नाही.

बीगल घ्या. आकारानं आटोपशीर, लांब कान, चेहरा असा की पिल्लू हातात घेतलं की पैसे निघालेच. हा इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी तयार झाला. कळपानं पळायचं, नाक जमिनीला, आणि वास लागला की लांबवरच्या शिकाऱ्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ओरडायचं. म्हणजे या कुत्र्यात तीन गोष्टी कोरलेल्या आहेत: एकटं राहवत नाही, वास लागला की हाक ऐकू येत नाही, आणि आवाज इमारतभर पोचतो. मंगळवारी दुपारी घराला कुलूप असणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. उलट, घरी कायम माणसं असलेल्या, गडबडीच्या, वाड्यासारख्या कुटुंबात बीगल सुखात राहतो. तिथे त्याला कळप मिळतो. फक्त ओट्यावरचं काही उघडं ठेवायचं नाही.

जर्मन शेफर्ड, ज्याला आपली आधीची पिढी 'अल्सेशियन' म्हणायची, तो मेंढ्या राखणारा. माक्स फॉन श्टेफानित्स या लष्करी अधिकाऱ्यानं १८९९ मध्ये या जातीची रीतसर सुरुवात केली. दिवसभर कळपाभोवती गस्त घालायची आणि माणसाच्या इशाऱ्यावर लक्ष ठेवायचं, ही त्याची ड्यूटी. काम दिलं नाही तर तो स्वतः काम शोधतो. मग सायकलवरच्या मुलांना वळवणं, पाहुण्यांना दारातच थोपवणं आणि घरातल्या माणसांना एका खोलीत गोळा करणं सुरू होतं. डॉबरमनची गोष्ट तर मला फार आवडते: जर्मनीतल्या अपोल्डा गावी एक करवसुली करणारा होता, डॉबरमन आडनावाचा. पैसे घेऊन फिरताना सोबतीला दरारा असलेला कुत्रा हवा म्हणून त्यानं ही जात घडवली. आता हा वसुली अधिकाऱ्याचा बॉडीगार्ड तुमच्याकडे आलाय आणि रोज नवीन डिलिव्हरीवाला बेल वाजवतोय.

डॅक्सहुंड म्हणजे बिळात शिरून बॅजर बाहेर काढणारा. लांब पाठ आणि आखूड पाय त्यासाठीच. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी त्याला जिन्यानं उड्या मारत चढ-उतार करू दिली तर पाठीच्या मणक्यांमधली चकती सरकण्याचा धोका असतो, आणि मागचे पाय कायमचे जाऊ शकतात. उचलून न्यायची तयारी असेल तर मजेत आणा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जात म्हणजे पत्रिका नव्हे. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांच्या उत्तरांवर आणि कुत्र्यांच्या जनुकांवर आधारलेला एक अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून समजावता येतो, असं त्यात दिसलं. शांत बीगल असतात, आळशी शेफर्डही असतात. मग बायोडाटा वाचायचा कशाला? कारण केसांचे थर, नाकाची लांबी, पाठीचा कणा आणि वजन या गोष्टी नशिबावर सोडलेल्या नसतात. आणि स्वभावाचं म्हणाल तर पिल्लू घेताना तुमच्या हातात अंदाजाशिवाय काहीच नसतं.

चूक: छोटा कुत्रा म्हणजे कमी काम

२००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे-मागे चालायला लागला आणि आपल्याकडे घरोघर पग आले. त्या वेळी कुणाला वाटलं नाही की तो घोरण्याचा गोड आवाज खरं तर श्वास घ्यायची धडपड आहे. नाक चपटं असल्यामुळे हवेची वाट अरुंद, त्यामुळे धापा टाकून गार होण्याची जी सोय इतर कुत्र्यांना असते तीच इथे अपुरी. उन्हात पगला लांब चालवणं धोक्याचं. डोळे पुढे आलेले, त्यांना ओरखडे लवकर येतात. चेहऱ्यावरच्या घड्या पुसून कोरड्या ठेवल्या नाहीत तर पावसाळ्यात तिथे बुरशी. अनेक विमान कंपन्या चपट्या नाकाची कुत्री नेत नाहीत, हे बदलीच्या नोकरीवाल्यांनी आधी लक्षात घ्यावं.

सध्या फ्लॅटमध्ये शित्झूची चलती आहे. खरंच गोड, माणसाळलेला, फार पळापळ न मागणारा कुत्रा. पण केस! माणसाच्या केसांसारखे वाढत राहतात. रोज विंचरायचे, महिना-दीड महिन्यानं ग्रूमरकडे न्यायचे, आणि ते पैसे बारा-पंधरा वर्षं मोजायचे. "केस गळत नाहीत" हे ऐकून आणणाऱ्यांना नंतर कळतं की न गळणारे केस गुंततात. एका शित्झूच्या काखेत केसांची इतकी घट्ट गाठ झाली होती की कातडी ओढली जाऊन तो लंगडत होता, आणि घरचे पायाचा एक्स-रे काढून आले होते.

आपल्या आजोळी 'पामेरियन' म्हणून जो पांढरा कुत्रा असायचा तो बहुधा इंडियन स्पिट्झ. हवेला सरावलेला, पोळी-भाजीवर वाढलेला, बेल वाजली की घर डोक्यावर घेणारा. आज तो मागे पडला याचं मला वाईट वाटतं. लहान फ्लॅट, घरात आजी-आजोबा, आवाजाचं वावडं नाही, अशा घराला याच्याइतकं चपखल बसणारं क्वचितच दुसरं काही सापडेल.

चूक: लॅब्राडॉर म्हणजे गरीब गाय

गाय आहे, पण दोन-अडीच वर्षांनंतर. तोवर तीस किलोचं वासरू.

न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रात कोळ्यांना जाळी ओढायला मदत करणारी कुत्री, त्यांची पुढे इंग्लंडमध्ये शिकारीत पडलेले पक्षी आणून देण्यासाठी घडवलेली जात म्हणजे हा. त्यामुळे तोंडात काहीतरी धरणं ही त्याची गरज. चपला, रिमोट, टॉवेल, सुनेचा फोन. हे बिघडलेपण समजून ओरडण्यापेक्षा त्याला धरायला त्याची स्वतःची वस्तू द्या आणि ती आणून दिल्याचं कौतुक करा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

दुसरं म्हणजे पोट. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गहाळ असतो आणि अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ जास्त असते. म्हणजे तो केविलवाणं बघतो ते नाटक नसतं, त्याला खरोखर भूक वाटत असते. पण म्हणून द्यायचं नसतं. आपल्या घरात गंमत अशी होते की सकाळी आई देते, "त्यानं काही खाल्लंच नाही" म्हणून आजोबा तूप-पोळी देतात, मावशी भांडी घासताना उरलेला भात देतात आणि रात्री बाबांच्या ताटातला चौथा वाटा. तीन वर्षांत कुत्रा पंचेचाळीस किलोचा आणि कंबरेचा सांधा गेलेला. फ्रिजवर कागद चिकटवा, ज्यानं दिलं त्यानं खूण करायची. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या दाबाविना बोटांना लागल्या पाहिजेत. चाचपडायला लागत असेल तर वाढप कमी करा. आणि चकचकीत फरशीवर सतरंज्या टाका, घसरून सांध्यांची वाट लागते.

चूक: अभिमानानं कारवान आणणं, आणि पट्टा सोडणं

ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी जातींची कुत्री पाळा म्हणून सांगितलं. कर्नाटकातल्या मुधोळच्या कुत्र्याचं नाव घेतलं आणि चौकशा सुरू झाल्या. कौतुक वाटलं. या कुत्र्याला टपाल खात्यानं २००५ मध्येच तिकिटावर आणलं होतं, लष्करानंही पुढे प्रशिक्षणासाठी घेतलं. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला जपलं म्हणून ते नाव, पण हा कुत्रा आपलाही आहे: सोलापूर, सांगली, लातूरकडच्या वस्त्यांवर 'कारवान', 'कारवानी' म्हणून तो पिढ्यांपासून आहे. कानाला-शेपटीला मऊ झालरीचे केस असलेला तो 'पश्मी'.

उन्हाला सोसणारा, केस बारीक, वास कमी, आजार कमी, खाणं मोजकं. कागदावर फ्लॅटसाठी यासारखा कुत्रा नाही. मग चूक कुठे होते?

हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. लांबवर हललेली वस्तू दिसली की मेंदूचा ताबा पायांकडे जातो. ससा असो, मांजर असो वा वाऱ्यावर उडणारी पिशवी. बाणेरच्या टेकडीवर सकाळी एका गृहस्थानं मोठ्या विश्वासानं पट्टा सोडला, समोर रानडुकराचं पिल्लू की काय दिसलं, आणि त्यांचा कारवान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुसच्या बाजूला सापडला, पंजे सोलवटलेले. चारी बाजूंनी उंच बंदिस्त जागा असेल तरच पट्टा सोडायचा. दिवसातून एकदा वीस मिनिटं जीव तोडून पळू दिलंत तर उरलेला दिवस तो सोफ्यावर पाय पसरून झोपतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

दुसरी गोष्ट स्वभावाची. लॅबसारखा हा सगळ्यांच्या अंगावर उड्या मारत नाही. अनोळखी माणसानं डोक्यावरून हात फिरवलेला त्याला खपत नाही. तो घरातल्या एक-दोघांचा असतो. सोसायटीतल्या पोरांनी येता-जाता लाड करावेत असा कुत्रा हवा असेल तर हा नाही. आणि तो मागे सरकतोय, मान फिरवतोय हे दिसत असताना "काही करत नाही, हात लावा" म्हणणाऱ्या मालकामुळेच चावा बसतो. एक बारकावा डॉक्टरांसाठी: सडपातळ, चरबी नसलेल्या या जातींना भुलीची काही औषधं जड जातात. ऑपरेशनआधी जात आवर्जून सांगा.

शेत आहे, कुंपण आहे, घरात माणसं मोजकी आहेत? तर मी म्हणेन, परदेशी मास्टिफच्या मागे लागण्यापेक्षा कारवान बघा.

चूक: राखणीसाठी जात, आणि गळ्यात साखळी

बंगल्याला रॉटवायलर हवा, दिवसभर साखळीला बांधायचा, रात्री सोडायचा. असा कुत्रा राखण करत नाही, त्याला फक्त राग येतो. घरातलं आणि बाहेरचं कोण हे ओळखायला कुत्र्याला घरात राहावं लागतं. १२ मार्च २०२४ ला केंद्रानं रॉटवायलर, पिटबुल वगैरे तेवीस जातींवर बंदी आणणारं परिपत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयानं ते महिन्याभरात रद्द ठरवलं. कायद्याचं वारं कसंही फिरो, विमा, शेजारी आणि पोलीस चौकी हे तिन्ही विषय तुमच्याच दारी येणार. पहिलाच कुत्रा असेल तर या जातींच्या वाटेला जाऊ नका.

चूक: मुलासाठी आणलेला, आईच्या गळ्यात पडलेला

पाचवीतलं पोर म्हणतं, "मी सगळं करेन." कुत्रा बारा वर्षं जगणार. म्हणजे पोर बावीसचं होईल, दहावी-बारावी होऊन बहुधा दुसऱ्या शहरात गेलेलं असेल, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला रात्री दोन वाजता शूला नेणारी बाई आज चर्चेच्या वेळी स्वयंपाकघरात असते. तिला बाहेर बोलवा. तिचं मत अंतिम धरा. जात निवडतानाही तिच्या हाताला किती किलोचा झटका सोसेल हे बघा. मी हे विचारलं की बरेचदा बाबा गप्प होतात.

चूक: घाईची खरेदी

कोवळं पिल्लू जास्त लळा लावतं, ही खुळी समजूत. चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू आई-भावंडांपासून तोडलं तर चावताना किती जोर लावायचा हे शिकायचं राहून जातं, आणि पार्व्हो या विषाणूच्या आजारानं दगावण्याची भीती असते ती वेगळीच. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ती विचारा. आईला, ती राहते त्या जागी, बघू द्या म्हणा. "आई गावाला आहे", "हायवेवर गाडीत आणून देतो" असं उत्तर आलं की उठा. 'टीकप' हा शब्द ऐकू आला तरी उठा. ती वेगळी जात नसून कमी वाढलेलं पिल्लू असतं. केसीआयचा (केनल क्लब ऑफ इंडियाचा) कागद वंश सांगतो, तब्येत किंवा स्वभाव सांगत नाही.

सोसायटीबद्दल थोडक्यात: केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. पण कायदा बाजूने असणं आणि शेजारी बाजूने असणं यात फरक आहे. परवाना, दरवर्षी रेबीजची लस, हातात पिशवी. एवढं दिसलं तरी निम्मी भांडणं होत नाहीत.

चूक: गावठी म्हणजे काहीच लागत नाही

रस्त्यावरून उचललेलं देशी पिल्लू काटक असतं, खर्चिक नसतं, आपल्या हवेत मजेत राहतं. पण ते हुशार असतं, आणि हुशार जनावर कंटाळतं. वर्षाचं झालं की हद्दीची जाणीव जागी होते. लिफ्टमधल्या दुसऱ्या कुत्र्याशी वाद सुरू होतात. पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याला छत्र्या, हेल्मेट, ढोल, लहान मुलं, काठीवाले आजोबा असं सगळं लांबून दाखवून घेतलं नाही तर तो माणसांना बिचकतो. लशी, जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त हे सगळं त्यालाही लागतं. गोचीडताप जात बघत नाही.

माझी खरी शिफारस वेगळीच आहे आणि ती कुणाला आवडत नाही: दोन-तीन वर्षांचा कुत्रा घ्या. मोठ्या कुत्र्याचा लळा लागत नाही हे मी शंभर वेळा ऐकलंय आणि तेवढ्याच वेळा खोटं ठरलेलं पाहिलंय. त्याचं वजन कळलेलं असतं, आवाज कळलेला असतो, मुलांशी कसा वागतो, एकटा किती तास राहतो, सगळं विचारता येतं. जातीवरून अंदाज तिथे लावावा लागतच नाही.

आणून झालंय, आणि जमत नाहीये?

आधी डॉक्टर. अचानक गुरगुरणारा, घरात शू करणारा, हात लावू न देणारा कुत्रा बरेचदा दुखण्यात असतो: कान, दात, सांधे. कॉकर स्पॅनियल जातीचे लांब कान पावसाळ्यात आतून पिकतात आणि घरचे म्हणतात "स्वभाव बदलला".

मग एक आठवडा वही ठेवा. किती तास एकटा, किती मिनिटं फिरला, किती झोपला. मोठ्या कुत्र्याला चार-पाच तास एकटं राहणं जमतं. दहा तास ही शिक्षा आहे, जात कोणतीही असो. दुपारी एकदा येऊन फिरवणारा माणूस लावला की तोडफोड थांबलेली मी कितीदा पाहिलीय, आणि तो खर्च नव्या सोफ्याहून कमीच असतो. एकटं राहणं शिकवावंही लागतं: दार लावून एक मिनिट, मग तीन, मग दहा. जाताना निरोप-समारंभ नको.

फिरवताना हुंगू द्या. विजेच्या खांबापाशी तो दोन मिनिटं थांबला तर ते त्याचं वर्तमानपत्र वाचणं आहे. धावत-पळत उरकलेल्या दोन किलोमीटरपेक्षा हुंगत केलेला अर्धा किलोमीटर त्याला जास्त दमवतो.

सहा ते अठरा महिने हे वय कठीणच. नसबंदीनं काही गोष्टी कमी होतात, शिस्त लागत नाही. मारलंत तर तो गुरगुरायचं सोडून देईल आणि पुढच्या वेळी न सांगता चावेल.

एवढं करून नाही जमलं तर दुसरं घर शोधण्यात पाप नाही. लपवाछपवी मात्र करू नका. चावला असेल तर नव्या घराला सांगा. आणि गाडीतून नेऊन टेकडीच्या पायथ्याशी सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पाळलेल्या कुत्र्याचा रस्त्यावर क्वचितच निभाव लागतो, बाकीची कुत्री त्याला सहसा टिकू देत नाहीत.

अजून आणला नसेल तर एक सोपी तालीम आहे. कुत्री तात्पुरती सांभाळायला देणाऱ्या बऱ्याच संस्था शहरात आहेत, किंवा गावाला चाललेल्या मित्राचा कुत्रा मागून घ्या. मनात आहे त्याच जातीचा, निदान त्याच वजनाचा. पंधरा दिवस घरी ठेवा. ऑफिस, शाळा, क्लास, स्वयंपाक, सगळं नेहमीसारखं चालू असताना. ते पंधरा दिवस गणपतीचे किंवा दिवाळीचे नकोत, आणि जमलं तर पावसाळ्यातले असावेत.